वर्ष उलटल्यावर



माणसाने गाव सोडले त्या दिवसाची वर्णने आपल्याकडे पुष्कळ झाली आहेत. गाठोडी, आगगाडीची गर्दी, बंदरावरचा आक्रोश, मागे राहिलेले घर, या सगळ्यावर कथा झाल्या, चित्रपट झाले. नव्या गावी पोचल्याच्या दिवसावरही थोडेबहुत लिहिले गेले आहे. पण त्यानंतर एक वर्ष लोटल्यावर त्या घरात काय चालले होते, हे कोणी फारसे सांगत नाही. तोवर वर्तमानपत्रांचे बातमीदार परतलेले असतात, मदत वाटणारी मंडळी दुसऱ्या संकटाकडे वळलेली असतात, आणि घरातल्या माणसांना स्वतःलाच सांगण्यासारखे काही घडते आहे असे वाटत नाही. पाणी भरले, गाडी पकडली, पोरांना शाळेत घातले, झाले. आज आम्ही बोलणार आहो ते या न सांगितल्या गेलेल्या दिवसांविषयी. आणि त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. येथून कल्याणकडे निघाले की अंबरनाथच्या पुढे उल्हासनगर लागते. तेथे हा विषय घरोघर बसलेला आहे.

विषय आम्हांला सुचला तो मात्र अगदी घरगुती कारणाने. गिरगावातली आमची चाळ पाडायला काढल्यावर आम्ही मंडळींसह सोनिवलीस राहावयास आलो, त्यास आता सव्वा वर्ष होईल. याला कोणी देशांतर म्हणणार नाही. भाषा तीच, सण तेच, फक्त पश्चिम रेल्वेची सवय मोडून मध्य रेल्वेची लावून घ्यावी लागली. पूर्वी येथे घोडे बदलीत म्हणून गावाला बदलापूर नाव पडले असे सांगतात; आम्ही बदलापुरास येऊन चार सवयी बदलल्या, एवढेच. तरीसुद्धा पहिले वर्षभर आमच्या घरातली तीन खोकी बांधलेलीच होती. त्यांत काय आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण सोडवीत कोणी नव्हते. शेवटी भांडी ठेवायला कपाट हवे म्हणून आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. तेथील एका वृद्ध दुकानदारांशी भावावरून घासाघीस करता करता बोलणे वाढले. हे शेठजी ऐंशी उलटलेले. आमच्या खोक्यांची गोष्ट ऐकून ते हसले आणि म्हणाले, "साईं, आमच्या आईनेही एक वर्ष ट्रंक उघडली नव्हती." त्या एका वाक्यापाशी आम्ही तासभर बसलो, आणि नंतरही दोनतीनदा गेलो. कपाट घेतलेच, हे सांगायला नको.

आता थोडा इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी वसवली. लांबच लांब बराकी, मध्ये रस्ते, भोवती माळरान. युद्ध संपले, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. तेवढ्यात फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन दोन तुकडे झाले. सिंधचा तुकडा पडला नाही, तो सबंध प्रांत पाकिस्तानात गेला. या फरकाकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधतो. पंजाबी हिंदू अमृतसरला आला तेव्हा तो उघड्यावर होता, पण पंजाबातच होता. सिंध्याला भारतात सिंध नावाचा एक तालुकाही मिळाला नाही. सुरुवातीस सिंधमध्ये पंजाबएवढा रक्तपात झाला नव्हता, आणि पुष्कळ जण थांबूनही राहिले होते. पण ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर थांबण्याची हिंमत फारशी कोणाला राहिली नाही. काही राजस्थानच्या बाजूने रेल्वेने आले, काही काठेवाडच्या बंदरांवर उतरले, आणि बोटी भरभरून लोक मुंबईच्या गोदीत आले. तेथून त्यांना निरनिराळ्या छावण्यांत पाठवण्यात आले. कल्याणची छावणी त्यांतली सर्वांत मोठी. तिचे पाच भाग म्हणजे पाच कॅम्प. १९५१ च्या शिरगणतीत या नव्या गावाची वस्ती ८० हजारांच्या वर भरली.

हे लोक आपल्याला अगदी परके होते काय? तसे नव्हते, आणि हे आपण विसरलो आहोत. सिंध १८४७ पासून मुंबई इलाख्याला जोडलेला होता. १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे १९४८ साली बोटीतून उतरलेल्या चाळिशीच्या कोणाही माणसाचे बालपण आणि तारुण्य आपल्याच इलाख्यात गेलेले होते. तो पदवीधर असेल तर त्याच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचाच शिक्का होता, कारण कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. कराचीत १८५५ साली निघालेल्या सरकारी शाळेला पुढे ज्यांचे नाव दिले गेले ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी गृहस्थ. सिंधच्या शिक्षणखात्यात ते अधिकारी होते, आणि सिंधी हिंदू व्यापाऱ्यांच्या लिपीला छापण्याजोगे वळण देण्याचे काम सरकारने १८६८ साली त्यांच्याकडे सोपवले होते. ती शाळा आजही कराचीत त्याच नावाने उभी आहे. कराचीत मराठी माणसांची चांगली वस्ती होती, आणि फाळणीनंतर त्यांतलीही पुष्कळ कुटुंबे घरदार टाकून इकडे आली. त्यांना आपण निर्वासित म्हटले नाही, कारण ती आपल्या आतेमामांच्या घरांत विरून गेली. सिंध्यांना विरून जायला येथे आतेमामांची घरे नव्हती.

तर पहिले वर्ष. शेठजी तेव्हा सातआठ वर्षांचे होते. बराकीचे मोठे दालन, त्यात चारपाच कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे नाहीतर जुन्या साड्यांचे पडदे. पडद्यापलीकडच्या मुलाला खोकला झाला की अलीकडच्या आईची झोप जाई. शिध्यासाठी रांग, नळासाठी रांग, शौचकूपासाठी रांग. "आमचा सगळा दिवस विचारण्यात जाई," असे ते म्हणाले. पाणी किती वाजता येते? शिधा कोठे मिळतो? मुंबईची गाडी कोणती? डॉक्टर कोठे बसतो? हे सारे विचारायचे ते मोडक्यातोडक्या हिंदीत, आणि ज्याला विचारायचे तोही बहुधा नवाच. बाप तिकडे एका जमीनदाराकडे मुनीम होता. येथे जमीनदार नव्हता आणि जमीनही नव्हती. तो रोज सकाळी स्वच्छ कपडे घालून कॅम्पच्या कचेरीत जाई आणि दुपारी परत येई. घरातल्या कोणीच त्याला काही विचारत नसे.

ट्रंक न उघडण्याचे कारण काय? कपडे तर लागतच असतील. शेठजींचे म्हणणे असे की, वरवरचे कपडे एका गाठोड्यात होते, ते वापरीत. ट्रंकेत चांगल्या चादरी, पितळेची काही भांडी आणि लग्नातली वस्त्रे होती. ती बाहेर काढायची तर ठेवायची कोठे, हा एक प्रश्न. पण खरे कारण आईने पुढे सांगितले ते असे की, ट्रंक बांधलेली असली म्हणजे परत जायला वेळ लागत नाही. हे ऐकून आपल्याला हसू येईल. कोणी म्हणेल, सबंध देशाची वाटणी झाली, सरहद्द आखली गेली, तरी या बाईला परत जाण्याची आशा? पण त्या वेळी सिंधमधून निघालेल्या हजारो कुटुंबांनी घराला कुलूप लावून किल्ली बरोबर आणली होती, शेजाऱ्याला गाईची वैरण घालायला सांगितले होते. दंगा शमला की जाऊ, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या पिढ्यांनी राजे बदललेले पाहिले होते. राजा बदलला म्हणून रयतेला गाव सोडावे लागते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

मग वर्ष उलटले. त्या घरात काय बदलले, ते आम्ही खोदखोदून विचारले. आमची अपेक्षा अशी की बापाला नोकरी लागली, सरकारकडून काही रक्कम आली, असे काही ते सांगतील. ते म्हणाले, "आईने चूल घातली." पहिले वर्षभर तीन दगड मांडून स्वयंपाक होत असे. दगड आज येथे, उद्या तेथे. वर्षानंतर एके दिवशी आईने वालधुनीच्या काठची माती आणली, तीत भुसा कालवला आणि बराकीच्या ओट्यावर जमिनीला धरून पक्की चूल घातली, लिंपली. दगड उचलून नेता येतात. घातलेली चूल उचलता येत नाही. त्या रात्री बाप जेवताना काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो कचेरीत जाईनासा झाला. कल्याणच्या बाजारातून पेन्सिली, फण्या, नाडे असा किरकोळ माल आणून त्याने गाडीत विकायला सुरुवात केली. मुनिमी केलेल्या माणसाने डब्याडब्यांतून ओरडत हिंडायचे! पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. बरोबरच्या सातआठ वर्षांच्या मुलाने, म्हणजे आमच्या शेठजींनी, आरोळी दिली. ती मराठीत होती. त्यांना येणारे पहिले मराठी वाक्य ते, आणि किंमत सांगण्याचे.

आई मागे राहिली नाही. बराकीबराकीतून बायका पापड लाटू लागल्या. सिंधी पापड आज आपल्या ताटात इतका रुळला आहे की तो कोठून आला हे कोणाला आठवत नाही. त्यामागे हजारो बायकांची ओट्यावर बसून काढलेली दुपार आहे. पडदानशीन म्हणावी अशा रीतीने वाढलेल्या या स्त्रिया वर्षाच्या आत हिशेब ठेवू लागल्या, बाजारात जाऊ लागल्या, मुली शाळेत जाऊ लागल्या आणि पुढे टायपिंग शिकून मुंबईच्या कचेऱ्यांत गेल्या. हालअपेष्टांचे गोडवे गाणे आम्हांला मान्य नाही. पण घर फुटले तेव्हा उंबरठाही फुटला, आणि तो पुन्हा पूर्वीइतका उंच कोणी बांधला नाही, हेही खरे.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी येथे आले आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. नाव नदीवरून घेतले. आपली ही उल्हास बोरघाटाच्या डोंगरांत उगम पावते, बदलापुरावरून वाहत जाते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. सिंधूकाठच्या माणसांना या नदीचे नाव मिळावे, यात कोणी योजना केली होती की सहज सुचले, कोणास ठाऊक. पण या लोकांचे दैवत झुलेलाल हे पाण्याचे दैवत. आपल्या पाडव्याला लागून त्यांचा चेटीचंड येतो. तेव्हा दिवा, फुले, फळे मांडून बहराणा काढतात आणि पाण्यात सोडतात. त्यासाठी वाहते पाणी हवे. सिंधू नाही तर उल्हास, असे त्यांनी केले. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आज आपण चेटीचंडची मोठी मिरवणूक पाहतो आणि समजतो की ही सिंधमधून जशीच्या तशी आलेली प्रथा असावी. ते पूर्णांशाने खरे नाही. विखुरलेल्या समाजाला एकत्र बांधणारे काहीतरी हवे म्हणून प्राध्यापक राम पंजवाणी यांनी फाळणीनंतर मटक्याच्या तालावर गाणी म्हणत गावोगाव हिंडून झुलेलाल आणि चेटीचंड यांना सार्वजनिक रूप दिले. घरचा सण रस्त्यावर आला तो येथे आल्यावर. आपल्या टिळकांनी गणपतीचे केले तेच.

या शिक्षकवर्गाचे कौतुक करावे तेवढे थोडे. कराचीच्या कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. हैदराबाद-सिंधचे प्राचार्य कुंदनानी यांनी बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्यासह १९४९ साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभे केले. म्हणजे गाव सोडून दीडदोन वर्षे झाली नाहीत तोच कॉलेजे! आपण एक वाचनालय काढायला दहा वर्षे सभा भरवतो.

आता दुसरी बाजू. आपण येथल्या लोकांनी त्यांना कसे वागवले? दार कोणी लावले नाही, हे खरे. पण दार उघडून बोलावलेही फारसे कोणी नाही. निर्वासित हा शब्द आपण सरकारी कागदावरून उचलला आणि मुलांच्या मुलांपर्यंत चालवला. त्यांच्यातले मानी लोक म्हणत, आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी आहो. ते थोड्या नफ्यावर माल विकीत, म्हणून कल्याणचे व्यापारी रागावले, आणि त्याच थोड्या नफ्यामुळे आपण तेथे खरेदीला गेलो. उल्हासनगरच्या नकली मालावर यूएसए असे छापतात आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या गिरगावातही चाले. आम्हीही तो केला आहे. शेठजींना तो माहीत होता. ते म्हणाले, "पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाईट वाटले. मग मीच ग्राहकांना सांगू लागलो. माल खपतो." आम्ही खाली मान घालून कपाटाचे खण मोजले.

पण न्याय दोन्हीकडे करावा लागतो. ज्या माळावर छावणी झाली तो माळ रिकामा नव्हता. युद्धाच्या धांदलीत सरकारने या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या. भातशेती करणाऱ्या आगरी आणि इतर कुणब्यांच्या त्या जमिनी. नेवाळीच्या धावपट्टीसाठी गेलेल्या जमिनीचा प्रश्न तर इतका जुना होऊनही मिटला नाही, आणि जून २०१७ मध्ये तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढे बारवीचे धरण झाले आणि काही गावे त्याच्या पाण्याखाली गेली. ही माणसेही उठलीच. फक्त ती दहापाच मैलांवर उठली, म्हणून त्यांच्यासाठी कोणी गव्हर्नर जनरल आला नाही. सिंधी कुटुंबाने चूल घातली ती कोणाच्या तरी बांधावर घातली, हे त्या आईला ठाऊक नव्हते, आणि ज्याचा बांध गेला त्याला ही आई कोठून आली ते ठाऊक नव्हते. दोघांची गाठ घालून देणे हे सरकारचे काम होते. सरकारने एकाला छावणी दिली, दुसऱ्याला कागद दिला.

आणखी एक वाटा शेजाऱ्यांचा आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला अशीच छावणी होती; १९४३ ते १९४८ पर्यंत तेथे युद्धामुळे देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलंडवासी राहिले. ते गेले, आणि त्याच घरांत सिंधी आले. आज त्या गावाला गांधीनगर म्हणतात. पोलिश मंडळी पुढे जगभर पांगली, पण म्हातारपणी ती वळिवडे पाहायला परत येत, आणि गावातल्या माणसांची आठवण काढीत. पाच वर्षांचा मुक्काम, तरी ऋण राहिले. कल्याण कॅम्पातल्या माणसाने आपली आठवण कशी काढावी, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

सर्वांत मोठी झीज भाषेची झाली. घर गेले त्याची भरपाई मागण्यास १९५० आणि १९५४ चे कायदे होते. दावे दाखल झाले, कोणाला रुपयात दोनचार आणे मिळाले असतील, कोणाची रक्कम सरकारी बराकीच्या किमतीत वळती झाली. भाषेचा दावा कोणत्या कचेरीत दाखल करायचा? सिंधीला स्वतःचा प्रांत नाही, म्हणून १९५० च्या घटनेतल्या आठव्या परिशिष्टात तिला जागा मिळाली नाही. ती मिळायला १० एप्रिल १९६७ उजाडावे लागले. त्यात लिपीचा वाद. बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी चालवावी की देवनागरी घ्यावी, यावर विद्वान वर्षानुवर्षे भांडत राहिले, आणि तोवर मुले इंग्रजी शाळेत गेली. शेठजींच्या वडिलांच्या वह्या त्यांच्या दुकानात आहेत. शेठजींना त्या वाचता येतात, मुलाला थोड्याशा, नातवाला त्या उलट्या धरल्या आहेत की सुलट्या, हेही कळत नाही. नातू मराठी उत्तम बोलतो. त्याने आमच्याशी बोलताना एकदाही हिंदीचा आधार घेतला नाही. आम्ही त्याचे कौतुक केले तेव्हा शेठजी "हो, हो" म्हणाले आणि वह्या फडक्यात बांधू लागले. कौतुक करण्याची ती वेळ नव्हती, हे आमच्या उशिरा लक्षात आले.

पूर्वी आम्ही रुळणे म्हणजे काहीतरी मिळवणे असे समजत होतो. त्या दुकानातून निघताना त्याची दुसरी नोंदही आम्हांला करावी लागली. चूल घातली त्या दिवशी तीन दगड फेकून दिले गेले. ज्या दिवशी मुलाने मराठीत आरोळी दिली, त्याच दिवशी त्या वह्या वाचणारा एक वाचक कमी व्हायला सुरुवात झाली. त्याला दोष कोणाचा द्यावा? आम्हांला तरी देता येत नाही. आरोळी दिली नसती तर संध्याकाळी घरात पीठ आले नसते.

आज सोनिवलीच्या नव्या इमारतींतली कितीतरी मुले अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात संसार थाटून आहेत. ती निर्वासित नाहीत. विमानाचे तिकीट काढून गेली आहेत, परत येण्याची मुभा त्यांना आहे. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. तरीपण त्यांच्या आया आम्हांला जे सांगतात, ते ऐकून कान टवकारतात. पहिल्या वर्षी मुलगी रोज फोन करी, रडे, पोळपाट कोठे मिळतो ते विचारी. वर्ष झाल्यावर फोन आठवड्यावर गेला. आईला वाटते मुलगी विसरली. मुलगी विसरलेली नसते. तिच्याकडे त्या दिवशी विचारण्यासारखे काही नसते. पोळपाट मिळालेला असतो.

आमच्या तीन खोक्यांचे काय झाले, असे आपणांपैकी कोणीतरी मनात विचारीत असेल. दोन सोडली. तिसऱ्यात चाळीतल्या दाराची पितळी पाटी आणि काही फोटो आहेत. ते तसेच आहे. मध्यंतरी आमच्या मजल्यावर घाटकोपरहून एक कुटुंब राहावयास आले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बाई हातात रिकामी बादली घेऊन दाराशी आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "वहिनी आहेत का? पाणी कोणत्या वारी येत नाही, तेवढे विचारायचे होते." आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, "शुक्रवारी. आणि आदल्या रात्री पिंप भरून ठेवा हो, सकाळी धार बारीक असते."